जलपरीच्या भागावर मत देण्याआधी: पडदा, पाणी आणि अट

अद्भुतकथांच्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅनिमेशन मालिकेत एक भाग समुद्राचा येतोच. जहाज निघतं, धुकं दाटतं, पाण्याखालून कुणाचं तरी गाणं ऐकू येतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी प्रचंड वर येतं. या भागावरची मतं इतर भागांपेक्षा जास्त टोकाची असतात. आपल्या इमारतीतलंच बघा: तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, मालिकेतला सगळ्यात देखणा भाग. पाचव्या मजल्यावरचे म्हणतात, अंधारात काही दिसलंच नाही. दोघंही खरं सांगत असतात, कारण दोघांच्या घरी दिसलेलं चित्रच वेगळं असतं.

समुद्राच्या भागाबद्दलच्या तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात: आपला पडदा, चित्रकाराचं पाणी आणि लेखकानं त्या जीवाला घातलेली अट. या तिन्हींची सरमिसळ झाली की पडद्याचा दोष चित्रकाराच्या माथी बसतो आणि लेखकाचा दोष चकचकीत पाण्याखाली झाकला जातो.

सुरुवात टीव्हीपासून. अ‍ॅनिमेशन सेकंदाला २४ फ्रेमच्या (पडद्यावर क्षणभर झळकणाऱ्या स्थिर प्रतिमांच्या) गतीनं चालतं, पण प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढलेलं नसतं. एक चित्र दोन फ्रेम धरलं की सेकंदाला १२ चित्रं होतात. याला अ‍ॅनिमेटर ‘टूज’ म्हणतात. तीन फ्रेम धरलं की ८, म्हणजे ‘थ्रीज’. जोरदार झटापट असेल तर ‘वन्स’वर जातात, म्हणजे पूर्ण २४ चित्रं. कुठे किती धरायचं हा दिग्दर्शकाचा निर्णय असतो. अजस्र जीव सावकाश डोकं वर काढतो तेव्हा मुद्दाम धरलेल्या चित्रांमुळे त्याला वजन येतं. आता टीव्ही काय करतो? ‘मोशन स्मूदिंग’ चालू असेल तर दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसडतो. वजन निघून जातं आणि तो जीव तेलावर घसरल्यासारखा सरकतो. शिवाय शेपटाच्या नि भुजांच्या कडांना चिरफाळलेल्या रेघा दिसतात, कारण वेगानं वाकणारी काळी बाह्यरेषा पुढे कुठे जाईल याचा अंदाज टीव्हीला नीट बांधता येत नाही.

ही सोय बहुतेक टीव्हींवर कंपनीकडूनच चालू होऊन येते. सॅमसंगवर तिचं नाव ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. सेटिंगमध्ये पिक्चरच्या प्रगत पर्यायांत जाऊन ती पूर्ण बंद करा. ‘लो’वर ठेवून भागत नाही. त्याच यादीत ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि वीजबचतीचा पर्यायही बंद करा. वीजबचतीत टीव्ही खोलीतला उजेड मोजून पडदा मंद करतो, आणि अंधाऱ्या पाण्यातला उरलासुरला तपशील तिथेच बुडतो. पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात.

एवढं करूनही खोल पाण्याच्या दृश्यात निळ्याचे पट्टे पट्टे दिसत असतील तर कारण वेगळं आहे. साध्या ८-बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. वरचा फिकट निळा खाली जात काळा होतो, त्या अख्ख्या उतारासाठी त्यातल्या थोड्याच पायऱ्या वापरल्या जातात, आणि मोठ्या पडद्यावर एकेक पायरी मोजता येते. १०-बिटमध्ये १०२४ पायऱ्या असल्यानं उतार मऊ दिसतो. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रात आणखी एक अडचण असते. बुडबुडे, तरंगणारे कण, फेस या सगळ्या बारीक आणि सतत बदलणाऱ्या गोष्टी, आणि चित्र दाबून लहान करणारी यंत्रणा नेमकी इथेच हार मानते. नेट मंदावलं की बुडबुड्यांच्या जागी चौकोनी ठिगळं येतात. फुल एचडीसाठी निदान ५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो. रविवारी संध्याकाळी घरातले चार फोन त्याच वायफायवर असतील तर समुद्राचा भाग आधी डाउनलोड करून ठेवा.

लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयनं जोडला असेल तर ‘ब्लॅक लेव्हल’ही बघा, म्हणजे काळा किती गडद धरायचा ते ठरवणारा पर्याय. यंत्र ‘फुल’ पाठवतंय आणि टीव्ही ‘लिमिटेड’ समजतोय, असं झालं की गडद भाग सरसकट काळा होतो. उलट झालं तर सगळं धुरकट दिसतं. दोन्हीकडे एकच पर्याय हवा.

पुण्यातल्या नव्या इमारतींत हॉलला बाल्कनीचं अख्खं काचेचं दार असतं. पश्चिमेचं ऊन थेट पडद्यावर येत असेल तर साडेसात-आठनंतरच बघायला बसा. क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी भिंतीचा रंग आधी बघावा. आपल्याकडे भिंती बहुधा क्रीम रंगाच्या असतात. पिवळसर भिंत निळा प्रकाश शोषते, म्हणून त्या भिंतीवर समुद्र मळकट हिरवा होतो आणि ‘रंगसंगती कंटाळवाणी’ असं मत जन्माला येतं. पांढरी, बिनचकाकीची, ताणून लावलेली चादरसुद्धा त्यापेक्षा बरी. पंख्याच्या घरघरीत समुद्राची खालच्या पट्टीतली गाज ऐकूच येत नाही. शक्य असेल तर निदान गाण्याच्या प्रसंगापुरता पंखा बंद ठेवा.

आता पाणी. खरी चर्चा इथे सुरू होते, आणि ‘अ‍ॅनिमेशन भारी’ किंवा ‘अ‍ॅनिमेशन स्वस्तातलं’ एवढ्यावरच ती संपते याचं फार वाईट वाटतं, कारण पाणी तपासायच्या खुणा अगदी नेमक्या आहेत.

सगळ्यात विश्वासू खूण म्हणजे पडण्याचा वेळ. २० मीटर उंचीवरून सुटलेली कुठलीही जड वस्तू पाण्यावर यायला साधारण २ सेकंद घेते, म्हणजे ४८ फ्रेम. ५ मीटरवरून १ सेकंद, म्हणजे २४ फ्रेम. उंची चौपट झाली की वेळ दुप्पट. पडद्यावरचा राक्षस जहाजाच्या डोलकाठीएवढा उंच दाखवलाय आणि त्याचं डोकं किंवा भुजा १२ फ्रेममध्ये पाण्यावर आदळते, तर आपला मेंदू हिशेब न करताच ओळखतो की हे खेळणं आहे. ‘राक्षस मोठा वाटलाच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तपासायला सोपं आहे. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली तर एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली तर एक फ्रेम मागे. भुजा सर्वात वर असतानाची फ्रेम धरा आणि पाण्याला टेकेपर्यंत मोजा. भुजा मुद्दाम जोरानं आपटली असेल तर वेळ कमी लागणारच, ते मान्य. पण उडालेलं पाणी खाली यायला कुणाची घाई नसते. शिंतोडेही तितकेच भराभर खाली आले तर चूक नक्की समजा.

शिंतोड्यांचा आकार ही दुसरी खूण. पाण्याचा थेंब राक्षसाबरोबर मोठा होत नाही. खऱ्या प्रचंड उसळीत पाणी फुटून बारीक तुषारांचा पांढरा पडदा होतो. नारळाएवढाले गोल थेंब काढले की सगळा देखावा बादलीतला वाटतो.

पाण्याखाली गेल्यावर केसांकडे बघा. जलपरी पुढे निघाली की केस मागे राहतात, ती थांबली तरी ते काही क्षण पुढे वाहत राहतात, मग पसरतात. जमिनीवरच्यासारखे खांद्यावर पडत नाहीत, कारण पाणी त्यांना तोलून धरतं. खर्च वाचवायचा असेल तर केसांची एकच लहर पुन्हा पुन्हा फिरवतात. शरीर थांबलं तरी केस त्याच ठेक्यात हलत राहिले की ते ओळखू येतं. बुडबुडे तिरके गेले तरी अखेर वरच जायला हवेत. आणि पाण्याखालून वर बघतानाचं दृश्य आलं तर थांबून बघा: अख्खं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावतं, साधारण ९७ अंशांच्या कोनात, आणि त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा खालचंच प्रतिबिंब दाखवतो. हे वर्तुळ काढलेलं दिसलं तर त्या चित्रकारानं पाण्याचा अभ्यास केलाय असं खुशाल म्हणा.

रंगाचाही हिशेब आहे. लाल प्रकाश पहिल्या दहाएक मीटरमध्येच बहुतांशी संपतो. २०० मीटरखाली अंधूक, १००० मीटरखाली सूर्यप्रकाश नाहीच. खोल पाण्यातले कितीतरी जीव लाल असतात, कारण तिथे लाल म्हणजे काळाच दिसतो. म्हणून खोल दरीत लालभडक चमकणारा सर्प दाखवायचा तर उजेड कुठून येतोय ते दाखवावं लागेल. आणि त्या जीवाचा स्वतःचा उजेड असेल तर तो निळा-हिरवा जास्त पटतो, कारण समुद्रातल्या स्वयंप्रकाशी जीवांचा उजेड बहुधा त्याच रंगाचा असतो. अद्भुतकथेत हे नियम मोडायला हरकत नाही, मात्र मोडल्याचं कारण चित्रात दिसलं पाहिजे.

शेपटावर वाद नेहमी होतात. माशाचा शेपटीचा पर उभा असतो आणि शेपूट डावीकडे-उजवीकडे हलतं. डॉल्फिन-देवमाशांचा पर आडवा असतो आणि शेपूट वर-खाली हलतं, कारण ते जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांचे वंशज आहेत आणि त्यांचा कणा तसाच वाकतो. जलपरीचं वरचं अंग माणसाचं, तेव्हा आडवा पर आणि वर-खाली हालचाल जास्त पटते. खवले माशाचे आणि चाल डॉल्फिनची, असं असलं तर चूक नाही. फक्त पर उभा काढून शेपूट वर-खाली हलवलं तर ढकलायला पाणीच मिळत नाही, आणि ती पोहते आहे यावर विश्वास बसत नाही. सागरी सर्पाचं नेमकं उलट. साप आडव्या वळणांनी पोहतो. पाण्यावर एकामागे एक कमानी काढत जाणारा सर्प चित्रात झकास दिसतो, पण ती चाल सापाची नाही.

क्राकेनच्या, म्हणजे नॉर्वेच्या दंतकथांतल्या अजस्र समुद्री राक्षसाच्या, भुजा मोजायला विसरू नका. ऑक्टोपसला आठ. माकुळाला आठ भुजा आणि शिवाय दोन लांब शुंडा, मिळून दहा. दोघांचंही तोंड भुजांच्या मधोमध, आत पोपटासारखी चोच. बर्गनचे बिशप एरिक पोंटोपिडान यांनी १७५२-५३ मध्ये नॉर्वेच्या निसर्गावर जे लिहिलं त्यात क्राकेन जहाजावर चढून माणसं गिळत नाही. तो बेटासारखा वर येतो, त्याच्याभोवती मासळी इतकी दाटते की कोळी धोका पत्करून त्याच्या डोक्यावरच मासेमारी करतात, आणि खरी भीती तो खाली जातानाच्या भोवऱ्याची असते. भुजांची आदळआपट दाखवणाऱ्या भागापेक्षा हे चित्र कितीतरी भयंकर आहे. मासे भरपूर मिळतायत म्हणून सगळे खूष, आणि पाण्याची खोली मात्र हळूहळू कमी होतेय. ज्या भागानं हे वापरलं त्याला मी डोळे झाकून एक गुण जास्त देईन.

लेखकाची बाजू मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. समुद्री जीव लक्षात राहतो तो त्याच्या अटीमुळे: तो काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि कशानं अडतो. याचा उत्तम धडा आपल्याकडे सुंदरकांडात आहे. शंभर योजनांच्या एका उड्डाणात हनुमानाला तिघं भेटतात. मैनाक पर्वत पाण्यातून वर येऊन ‘जरा विसावा घे’ म्हणतो. इथे संकट नाही, मोह आहे, आणि हनुमान हातानं स्पर्श करून पुढे जातो. सुरसेची अट अशी की तिच्या मुखात शिरल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. तो मोठा होत जातो, ती जबडा आणखी पसरते. शेवटी तो अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो आणि बाहेर येतो. अटही पाळली गेली, वाटही मिळाली. मग सिंहिका. ती सावली पकडते. इथे शब्द पाळायचा प्रश्न नाही, म्हणून युक्ती तीच, लहान होऊन आत शिरण्याची, पण या वेळी तो तिला आतून फाडून बाहेर पडतो. तीन भेटी, तीन अटी, तीन वेगळे शेवट, आणि प्रत्येक वेळी वाचकाला अट आधी कळलेली असते.

‘शेवटी राक्षस फारच सहज मेला’ असं वाटलं तर हाच निकष लावा. त्या जीवाची अट भागाच्या पहिल्या अर्ध्यात कळली होती का? बावीस मिनिटांच्या भागात ती साधारण दहाव्या-अकराव्या मिनिटापर्यंत यायला हवी. सतराव्या मिनिटाला कुणीतरी म्हातारा नाविक ‘याला उजेड सहन होत नाही’ असं सांगतो आणि एकोणिसाव्याला मशाल निघते, तेव्हा चूक झटापटीची नसते. अट उशिरा आली हे खरं कारण असतं. मत लिहिताना त्या क्षणाची वेळ लिहा. ‘१७:१०ला अट कळते, १९:०५ला वापरली जाते, मधल्या वेळात कुणालाच शंका येत नाही’ असं लिहिलं की समोरच्याला ते भाग उघडून पडताळता येतं आणि वाद ‘तुला कळत नाही’वर जात नाही. दुसऱ्यांदा बघताना तीन मिनिटं आवाज बंद करून बघा, आणि गाण्याचा प्रसंग डोळे मिटून ऐका. चित्र किती सांगतंय आणि संगीत किती सांभाळून घेतंय ते वेगळं दिसतं.

‘मूळ पुराणकथेशी इमान राखलं नाही’ हा आक्षेप जपून घ्यावा, कारण मूळ कुठलं ते आधी ठरवावं लागतं. ग्रीकांच्या सायरनला, म्हणजे गाण्यानं खलाशांना ओढून घेणाऱ्या जीवाला, माशाचं शेपूट नव्हतंच. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात त्यांच्या रूपाचं वर्णन नाही, फक्त गाण्याचं आहे, जुन्या ग्रीक भांड्यांवर त्या पक्ष्याच्या अंगाच्या, बाईच्या डोक्याच्या दिसतात. माशाचं शेपूट मध्ययुगीन युरोपातलं. मग पंखांची सायरन काढणाऱ्या मालिकेला ‘यांना जलपरी माहीत नाही’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. आपला मकरही असाच आहे. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचं. वरुणाचं आणि गंगेचं वाहन, कामदेवाच्या ध्वजावर तोच, विठ्ठलाच्या कानांतल्या कुंडलांतही तोच. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात गंगा त्याच्यावर उभी आहे. मालिकेतला मकर आवडला नाही तर तो बघून यावा, दगडात काय जमलंय ते कळतं. तिमिंगिल तर अजून कुणी नीट वापरलेलाच नाही असं माझं मत आहे. तिमी म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळतो तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. नावातच आकाराची चढती भाजणी. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता समुद्र पाहतात त्या वर्णनात मकर आणि तिमिंगिल दोघंही येतात. त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत तयार झाली, १९६६ मध्ये पुरी झाली. आधार शोधायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही.

‘हा भाग नुसता फिलर’, म्हणजे कथा पुढे न नेता नुसती जागा भरणारा, हे मत या भागांच्या वाट्याला सर्रास येतं. भाग पूर्ण काढून टाकला तर पुढच्या भागांत कुठलं वाक्य, कुठली वस्तू किंवा कुठलं नातं अर्धवट वाटेल, एवढंच बघा. शंख मिळाला आणि चार भागांनंतर तो वाजला, तर फिलर नाही. काहीच अडत नसेल तर फिलर म्हणा, पण फिलर सुंदरही असू शकतो. ते दोन वेगळे गुण आहेत.

उरला डबिंगचा प्रश्न. इंग्रजीतली ‘मर्मेड’ आणि ‘सायरन’ मराठी-हिंदी उपशीर्षकांत दोन्ही ‘जलपरी’ होतात, आणि मग प्रेक्षकाला कळत नाही की कालच्या भागातली प्रेमळ जलपरी आज खलाशांना का बुडवतेय. मायाळू असेल तर ‘मत्स्यकन्या’ आणि गाण्यानं ओढणारी असेल तर सरळ ‘सायरन’ ठेवली तरी चालेल. गाण्याचं तर फारच नुकसान होतं. सायरनचं गाणं प्रत्येक खलाशाला त्याच्या मनातलं काहीतरी देऊ करतं. शब्द कळले नाहीत तर तो होडीतून उडी का मारतो हेच कळत नाही. डब केलेल्या आवृत्तीत गाणं मूळ भाषेतच सोडलंय का, उपशीर्षकात त्याचे शब्द दिलेत की नुसतं ‘गाणं चालू आहे’ असं लिहिलंय, हे बघा. शब्द कळत नसतील तर भाषा बदलून, उपशीर्षकं लावून तेवढा प्रसंग पुन्हा ऐका आणि मगच पात्रांच्या वागण्यावर मत द्या.